कर्ज खात्याचा उतारा मागा : अवाजवी आकारणी परत कशी मिळवावी?



कापसाच्या गाडीवर काट्यात दोन किलोची घट धरली तर आपण तेथल्या तेथे हुज्जत घालतो. बियाण्याच्या पाकिटावर छापील किमतीपेक्षा दहा रुपये जास्त मागितले तर दुकानदाराला पावती मागतो. परंतु बँकेने आपल्या खात्यातून वर्षभरात किती रक्कम, कोणत्या नावाखाली आणि कोणत्या हिशेबाने कापली हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. मेळाव्यात व शिवारफेरीत प्रश्न येतात ते गुलाबी बोंडअळीचे, तुरीवरील मर रोगाचे. कार्यक्रम आटोपला, मंडळी पांगली, की एखादे गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीतून पासबुक काढून हळूच विचारतात, "साहेब, हे चारशे छत्तीस रुपये कशाचे?" त्यांना उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल व आसपासच्या गावांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील बऱ्याच शेतकऱ्यांची खाती एका बँकेत नाहीत. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या परवान्याअभावी अडचणीत आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातील २३ विनापरवाना जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, वर्धा व बुलढाणा या तीन बँका होत्या. मधल्या काळात अनेकांनी पीककर्जासाठी राष्ट्रीयीकृत व ग्रामीण बँकांचा रस्ता धरला. पुढे त्या बँकांचीही विलीनीकरणे झाली. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक व विजया बँक या बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी अलाहाबाद, सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन आदी बँका दुसऱ्या बँकांत मिळाल्या. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक व महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. नाव बदलले, खाते क्रमांक बदलला, जुने पासबुक कपाटात पडून राहिले आणि हिशेबाचा धागा तुटला. तो धागा पुन्हा जोडावयाचा तर खात्याचा पूर्ण उतारा हातात असणे आवश्यक आहे.

एका उदाहरणाने सुरुवात करू

समजा, वरवट बकाल येथील एका खातेदाराने १० जून रोजी कपाशी व तुरीसाठी १,५०,००० रुपये पीककर्ज ७ टक्के दराने घेतले. परतफेडीची अंतिम तारीख ३१ मार्च आहे. कापूस व तूर विकून २८ मार्चला त्याने १,५९,००० रुपये शाखेत भरले. मात्र भरणा पावतीवर बचत खात्याचा क्रमांक पडला. रक्कम बचत खात्यात जमा झाली आणि कर्ज खात्यात वळती झाली ती ३ एप्रिलला. खातेदार समजतो की आपण मुदतीत फेडले. बँकेचा संगणक समजतो की खातेदार थकला.

आता या पाच-सहा दिवसांची किंमत पाहा. १० जून ते २८ मार्च हे २९१ दिवस होतात. या काळाचे ७ टक्क्यांनी व्याज सुमारे ८,३७१ रुपये. मुदतीत फेड झाली असती तर केंद्र सरकारच्या योजनेतून ३ टक्के प्रोत्साहन सवलत, म्हणजे सुमारे ३,५८८ रुपये मिळाले असते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची वेळेवर परतफेड करणाऱ्यास राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उरलेले व्याजही सुटते. म्हणजे प्रश्न पूर्ण ८,३७१ रुपयांचा आहे. शिवाय थकबाकीदार म्हणून नोंद होऊन पुढील हंगामाचे कर्ज अडते ते वेगळेच.

ही चूक तोंडी सांगून दुरुस्त होत नाही. बचत खात्याचा उतारा २८ मार्चची जमा दाखवतो, कर्ज खात्याचा उतारा ३ एप्रिलची जमा दाखवतो. हे दोन कागद शेजारी ठेवले की वादाला जागा राहत नाही. म्हणून उतारा दोन्ही खात्यांचा घ्यावा. केवळ पासबुक छापून आणल्यास कर्जाची बाजू अंधारातच राहते.

बँकेकडे नेमके काय मागावे?

"माझा हिशेब द्या" असे मोघम म्हटल्यास एका कागदावर आजची बाकी लिहून मिळते. ती उपयोगाची नाही. कर्ज दिल्याच्या तारखेपासून आजपर्यंतचा कर्ज खात्याचा उतारा मागावा. त्यात प्रत्येक नावे व जमा नोंदीचा तपशील असावा. त्याबरोबर व्याज आकारणीचा तक्ता मागावा, म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती रकमेवर, कोणत्या दराने आणि किती दिवसांचे व्याज लावले हे दिसेल. व्याज मुद्दलात कोणत्या तारखांना मिळविले हे याच तक्त्यावरून कळते आणि खरी गडबड बहुधा तेथेच असते.

कर्जमंजुरीपत्र व करारनाम्याची प्रतही मागावी. कर्जदाराला करारनाम्याची प्रत सहपत्रांसह द्यावी असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत. सही करताना प्रत घेतली नसेल तरी नंतर मागता येते. विम्याचा हप्ता कापला असेल तर आपल्या संमतीपत्राची प्रत मागावी. बँकेचे सेवाशुल्काचे दरपत्रकही घ्यावे.

नोंदीतील इंग्रजी अक्षरांचे तुकडे अनेकांना कळत नाहीत, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. पासबुकात व उताऱ्यात प्रत्येक व्यवहाराचा समजेल असा तपशील छापावा, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये व्यापारी बँकांना व जुलै २०१७ मध्ये सहकारी बँकांना कळविले आहे. न समजणाऱ्या नोंदीवर पेन्सिलीने खूण करावी आणि शाखेत जाऊन अर्थ विचारावा.

आपल्या नावावर नेमकी किती कर्ज खाती आहेत याबद्दलच शंका असेल, तर पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत अहवाल मिळतो. २०१७ पासून ही सोय आहे. विलीन झालेल्या बँकेतील विसरलेले खाते या अहवालात सापडते.

उताऱ्यात काय तपासावे?

व्याजावरील व्याज. येथे थोडे थांबून पाहू, कारण सर्वांत मोठी रक्कम याच वाटेने जाते. उद्योग किंवा व्यापाराच्या कर्जावर दरमहा किंवा दर तिमाहीस व्याज मुद्दलात मिळविण्याची पद्धत आहे. शेतीचे तसे नाही. शेतकऱ्याच्या हाती पैसा दरमहा येत नाही, पीक निघाल्यावर येतो. हा विचार न्यायालयानेही मान्य केला आहे. कर्नाटकातील कॉर्पोरेशन बँक विरुद्ध डी. एस. गौडा या प्रकरणात १९९४ मध्ये हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे होता. पुढे १८ ऑक्टोबर २००१ रोजी सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, कृषिकर्जाचे व्याज मुद्दलात मिळवायचे तर ते त्या भागातील पिकांच्या क्रमानुसार वार्षिक किंवा सहामाही अंतरानेच मिळवावे. दंडव्याज तर मुद्दलात मिळविताच येणार नाही.

आकड्यांत फरक असा पडतो. १,००,००० रुपयांचे थकलेले कर्ज १२ टक्के दराने पाच वर्षे राहिले असे धरू. व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळविले तर पाच वर्षांचे व्याज ७६,२३४ रुपये होते. दर तिमाहीस मिळविले तर ८०,६११ रुपये. त्यात २ टक्के दंडव्याज धरून १४ टक्क्यांनी तिमाही चक्रवाढ केली तर हा आकडा ९८,९७९ रुपयांवर जातो. याउलट १२ टक्के व्याज वार्षिक आणि २ टक्के दंड मूळ रकमेवर सरळ धरला, तर एकूण ८६,२३४ रुपये होतात. एका लाखामागे १२,७४५ रुपयांचा फरक निव्वळ आकारणीच्या पद्धतीतून पडला. व्याजाच्या दराबद्दल सगळे बोलतात. व्याज किती वेळा मुद्दलात मिसळले याकडे कोणी पाहत नाही.

उताऱ्यावर हे ओळखणे कठीण नाही. जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या प्रत्येक अखेरीस व्याजाची नावे नोंद असेल आणि पुढच्या तिमाहीचे व्याज त्या वाढलेल्या बाकीवर लावले असेल, तर तिमाही चक्रवाढ झाली आहे. नुसती नोंद तिमाहीस असणे आणि तिच्यावर पुन्हा व्याज चढविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आक्षेप दुसऱ्या गोष्टीला घ्यावा.

दंड. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार कर्ज थकल्यास बँकेने व्याजदर वाढवून दंडव्याज घेऊ नये. दंड घ्यावयाचाच तर तो वेगळा आकार म्हणून दाखवावा आणि त्यावर पुन्हा व्याज लावू नये. नवीन कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले व जुनी कर्जे ३० जून २०२४ पर्यंत या पद्धतीत आणावयाची होती. त्यानंतरच्या उताऱ्यात "दंडव्याज" अशी नोंद दिसल्यास लेखी विचारणा करावी.

लहान कर्जावरील शुल्क. अग्रक्रम क्षेत्रातील ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जावर बँकेने कर्जविषयक सेवाशुल्क किंवा पाहणी शुल्क लावू नये, असे १ एप्रिल २०२५ पासूनचे निर्देश आहेत. त्यापूर्वी ही मर्यादा २५,००० रुपये होती. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचे प्रक्रिया, दस्तऐवज, पाहणी व खातेपान शुल्क माफ करावे, असे फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय बँक संघाने बँकांना सुचविले. हा सल्ला आहे, कायदा नव्हे. परंतु बहुतेक बँकांनी आपल्या दरपत्रकात काय स्वीकारले हे शाखेत पाहावयास मिळते. दरपत्रकात "शून्य" लिहिले आहे आणि खात्यातून रक्कम गेली आहे, असे दिसल्यास प्रकरण सोपे आहे.

किमान शिल्लक. लोकसभेत जुलै २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे ८,५०० कोटी रुपये दंड वसूल केला. त्यानंतर अनेक सरकारी बँकांनी हा दंड बंद केला असला तरी मागील वर्षांच्या नोंदी उताऱ्यात आहेतच. १ एप्रिल २०१५ पासूनच्या नियमांनुसार बँकेने आधी खातेदाराला कळवून किमान एक महिन्याची मुदत द्यावयास हवी, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा, आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. जनधन व इतर मूलभूत बचत खात्यांना किमान शिल्लकीची अटच नाही.

विमा. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता जून २०२२ पासून ४३६ रुपये व सुरक्षा विम्याचा २० रुपये आहे. मेळाव्यातील प्रश्नाचे उत्तर हेच. विमा वाईट नाही. घरात कोणाचा मृत्यू झाल्यास त्याचा आधार होतो. परंतु तो संमतीने घ्यावयाचा आहे. संमतीपत्र नसेल तर रक्कम परत मागता येते. पीक विमाही खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यांना ऐच्छिक आहे. मात्र भाग घ्यावयाचा नसल्यास अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेस तसे लेखी द्यावे लागते. ते दिले नसेल तर हप्ता कापल्याची तक्रार टिकणार नाही. उलट, हप्ता कापला पण विमा कंपनीकडे नोंदच गेली नाही असे आढळले तर तो मोठा दोष आहे. म्हणून हप्ता कापल्याच्या नोंदीबरोबर विम्याची पावतीही मागावी.

सगळीच कपात अवाजवी असते असे समजू नये. धनादेश न वटल्याचा आकार, दुबार पासबुकाचे शुल्क, करारात मान्य केलेले व्याज या रकमा बँक घेऊ शकते. वादातील रक्कम बाजूला ठेवून उरलेले हप्ते वेळेवर भरत राहावे. भांडण चालू आहे म्हणून भरणा थांबविला तर नुकसान आपलेच होते.

अर्ज कसा करावा?

अर्ज मराठीत, दोन प्रतींत लिहावा. एक प्रत शाखेत द्यावी व दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व सही घ्यावी. नमुना असा :

"प्रति, मा. शाखाधिकारी, ........ बँक, शाखा ........
विषय : कर्ज खाते क्र. ........ व बचत खाते क्र. ........ यांचा उतारा मिळणेबाबत.
महोदय, मी आपल्या शाखेचा खातेदार आहे. वरील दोन्ही खात्यांचा दि. ........ पासून आजपर्यंतचा संपूर्ण उतारा, कर्ज खात्यावरील व्याज आकारणीचा तपशीलवार तक्ता, व्याज सवलतीच्या जमा नोंदी, कर्ज करारनाम्याची प्रत आणि विमा कपातीबाबत माझे संमतीपत्र असल्यास त्याची प्रत द्यावी. नियमानुसार शुल्क असल्यास ते लेखी कळवावे, मी भरीन. माझा पूर्वीचा खाते क्रमांक ........ असून तो विलीन झालेल्या ........ बँकेचा आहे. उतारा देता येत नसल्यास त्याचे कारण लेखी द्यावे.
आपला, (सही, नाव, पत्ता, तारीख)"

शेवटचे वाक्य गाळू नये. तोंडी नकार देणे सोपे असते, कागदावर कारण लिहिणे अवघड जाते.

शाखेत पोच देण्यास टाळाटाळ झाल्यास अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट टपाल खात्याने २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिळविले आहे, तेव्हा खिडकीवर पोच मिळणारी सेवा मागून घ्यावी व पावती जपावी.

नेहमीच्या सबबी

"सिस्टम बंद आहे, नंतर या." हरकत नाही, अर्ज ठेवून घ्या व पोच द्या, असे म्हणावे. अर्ज घेण्यास संगणक लागत नाही.

"मार्चअखेर आहे." ही सबब काही अंशी खरी असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाखेतील दोन-तीन माणसांवर किती भार असतो हे आपणही पाहतो. उताऱ्यासाठी एप्रिलचा दुसरा आठवडा बरा.

"जुने रेकॉर्ड नष्ट झाले." १९८५ च्या अभिलेख जतन नियमांनुसार बँकांनी खतेवह्या व व्हाउचर किमान आठ वर्षे जपून ठेवावयाची असतात. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षीचे स्वतंत्र नियम आहेत. त्याहून जुन्या नोंदीही संगणकात बहुधा असतात. कर्ज अजून चालू असेल तर एक प्रश्न विचारावा : ज्या हिशेबाने आज माझ्याकडे बाकी काढता, तो हिशेबच तुमच्याकडे नसेल तर बाकी काढली कशावरून?

"ती बँक आता राहिली नाही." विलीनीकरणात खाती, येणी व देणी नव्या बँकेकडे येतात. कर्जाची वसुली नवी बँक करते, मग उताराही तिनेच द्यावयाचा.

"मोबाईलवर पाहा." मोबाईलवर काही महिन्यांच्या नोंदी दिसतात, व्याजाचा तक्ता दिसत नाही.

माहितीचा अधिकार

राष्ट्रीयीकृत व ग्रामीण बँका माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कक्षेत येतात. अर्ज बँकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील केंद्रीय जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. शुल्क १० रुपये, भारतीय पोस्टल ऑर्डरने पाठविता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. प्रतीचा दर पानास २ रुपये आहे. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास ३० दिवसांत त्याच बँकेच्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करावे. स्वतःच्या खात्याची माहिती ही दुसऱ्याची खासगी माहिती नव्हे, तेव्हा "गोपनीय" म्हणून ती नाकारता येत नाही. अर्जात "का" हा शब्द टाळावा. "व्याज का जास्त लावले?" असे विचारल्यास ही माहिती नव्हे असे उत्तर येते. "दि. अमुक ते अमुक व्याज आकारणीच्या तक्त्याची प्रत द्यावी" असे लिहिले की प्रत द्यावीच लागते.

खासगी बँकांना हा कायदा लागू नाही. सहकारी संस्थाही केवळ सहकारी आहेत म्हणून त्यात येत नाहीत, असे केरळमधील थलप्पालम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले.

कागद मागण्याच्या हक्काची ताकद किती असते याचे एक परदेशी उदाहरण सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये २००६ च्या सुमारास हजारो सामान्य खातेदारांनी तेथील माहिती संरक्षण कायद्याखाली १० पौंड भरून बँकांकडे मागील सहा वर्षांचा हिशेब मागितला, दंडाच्या नोंदींची बेरीज केली व रक्कम परत मागितली. पुष्कळांना ती मिळाली. परंतु नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ज्या नियमाच्या आधारे या आकारणीला आव्हान दिले होते, तो तिला लागू पडत नाही असा निकाल दिला आणि ओघ थांबला. आपल्यालाही त्यातून घेण्यासारखे आहे : तक्रारीत नुसते "अन्याय झाला" न लिहिता कोणत्या परिपत्रकाचा किंवा कराराच्या कोणत्या अटीचा भंग झाला ते लिहावे.

रक्कम परत मागताना

उतारा हाती आल्यावर वहीत एक तक्ता करावा. तारीख, नोंद, रक्कम आणि आक्षेपाचे कारण असे चार रकाने पुरेत. पाच रुपयांच्या नोंदींचा ढीग करण्यापेक्षा चार भक्कम नोंदी घ्याव्यात. तक्ता जोडून शाखेकडे रक्कम परत करण्याची लेखी मागणी करावी व प्रत क्षेत्रीय कार्यालयास पाठवावी.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १९९५ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकत्रित झाली आहे. त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. तक्रार साध्या कागदावर, मराठीत लिहून टपालाने पाठविता येते. पत्ता : केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शाखेस दिलेल्या अर्जाची पोच, उतारा व तक्ता यांच्या प्रती जोडाव्यात. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल प्रकरण घेत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते व तक्रार परत येते. मुदत सरण्याची वाट न पाहता बँकेचे उत्तर आल्यापासून महिन्याभरात तक्रार टाकावी.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या योजनेत नव्हत्या. राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही तिच्यात आणण्याचे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. आपल्या भागातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा महत्त्वाचा बदल आहे.

दुसरा मार्ग बुलढाणा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही. तारखांना हजर राहण्यात दिवस मोडतात, म्हणून लहान रकमेसाठी लोकपालाचा मार्ग आधी वापरावा असे आमचे मत आहे. एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नये.

कर्ज गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे असल्यास वाट वेगळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदास संस्थेच्या दप्तरातील आपल्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. ठरावीक शुल्क भरून प्रत मागितल्यास ती एक महिन्यात द्यावयाची असते. सचिवाने टाळाटाळ केल्यास तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करावा. सोसायटीने वसूल केलेली रक्कम जिल्हा बँकेत कोणत्या तारखेला भरली हेही पाहावे. सभासदाने मार्चमध्ये भरले आणि संस्थेने एप्रिलमध्ये पाठविले, तर व्याज सवलत अडकते आणि वरच्या उदाहरणासारखाच घोळ होतो.

खरीप कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी शाखेत कागदांचा गठ्ठा सहीसाठी पुढे येतो. त्यात बहुधा एक बाकी मान्यतापत्र असते. त्यावर सही म्हणजे बँकेने काढलेली बाकी आपल्याला मान्य आहे असा अर्थ होतो आणि पुढे आकारणीवर आक्षेप घेताना तेच पत्र दाखविले जाते. म्हणून उतारा नूतनीकरणाच्या आधी घ्यावा. तो मिळालेला नसेल आणि पेरणी तोंडावर असल्याने सही करणे भाग असेल, तर सहीच्या वर आपल्या हाताने "व्याज व शुल्क आकारणीबाबतची माझी दि. ........ ची हरकत कायम ठेवून" असे लिहावे, मग सही करावी व त्या पानाचा मोबाईलने फोटो काढून ठेवावा.